नवे अलॉय बसवले आणि ड्रॅगची वेळ बिघडली: इलेक्ट्रिक गाडीत दोष कुठे शोधायचा

नवे अलॉय बसवले, टायर रुंद केले आणि पाव मैलाची वेळ सुधारायच्या ऐवजी दीड-दोन दशांश सेकंदांनी वाढली. पुढच्या खेपेला तीच गाडी, तेच टायर, आणि वेळ पुन्हा जुन्याइतकी. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी तिसरीच. इलेक्ट्रिक गाडी ड्रॅगच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या, पट्टीवर नेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तिच्यावर सल्लाही ठरलेला असतो: "हलकी व्हील घे" नाहीतर "ड्रॅग रेडियल टाक," म्हणजे ड्रॅगसाठीचे मऊ, चिकट टायर. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. पण दुखणं कुठे आहे हे न बघताच दिलेलं ते औषध आहे, आणि चार टायर-चार व्हील म्हणजे काही थोडाथोडका खर्च नव्हे.

इथे मुख्य उदाहरण म्हणून टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्सची २०२३ पर्यंतची आवृत्ती घेतली आहे. अमेरिकेतल्या पट्ट्यांवर, सोनोमाच्या बुधवार संध्याकाळच्या ड्रॅगसारख्या ठिकाणी, ही गाडी भरपूर दिसते. तिकडच्या मराठी मंडळींच्या दारातही ती असते. चाकणला बनणारी महिंद्रा बीई ६ आणि भारतात मिळणारी बीवायडी सील यांचं गणित थोडं निराळं आहे, ते पुढे येईल. सगळं बोलणं बंदिस्त पट्टीबद्दल आहे, सार्वजनिक रस्त्याबद्दल नाही.

घसरण ऐकू येत नाही, म्हणून निदान चुकतं

पेट्रोल गाडीचं चाक जागच्या जागी फिरलं की सगळ्या पट्टीला कळतं. टायर ओरडतो, धूर निघतो, इंजिनाचा आवाज चढतो. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काही होत नाही. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा किंचित पुढे गेला, की मोटरचं नियंत्रण काही मिलिसेकंदांत टॉर्क खाली आणतं आणि पकड मिळाली की पुन्हा वाढवतं. आत बसलेल्याला वाटतं, गाडी सुरळीत सुटली, फक्त आज "जोर कमी" होता. मग संशय बॅटरीवर जातो, सॉफ्टवेअरवर जातो, नव्या व्हीलच्या वजनावर जातो. खरं तर टायरने जेवढं पेललं तेवढंच संगणकाने दिलेलं असतं.

हे पकडायचे दोन मार्ग आहेत. गाडीच्या डायग्नोस्टिक जोडणीला ॲडाप्टर लावून स्कॅन माय टेस्लासारख्या ॲपमध्ये पुढच्या आणि मागच्या मोटरचा टॉर्क नोंदवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना पहिल्या दीड सेकंदात टॉर्कची रेघ करवतीच्या दातांसारखी खालीवर होत असेल, तर टायर कमी पडतोय. रेघ वर चढून पठारासारखी सपाट राहत असेल, तर मोटर देऊ शकते तेवढं सगळं रस्त्यावर उतरतंय आणि चिकट टायरने त्यात काही वाढणार नाही. ॲडाप्टर नसेल तर फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवून त्वरण नोंदवणारं कुठलंही ॲप लावा. रेघ इतकी स्वच्छ येत नाही, पण दात आणि पठार यांतला फरक कळतो.

चिठ्ठी वाचायला शिका

पट्टीच्या टोकाला मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीत लोक सगळ्यात खालचे दोन आकडे बघतात: ४०२ मीटरची एकूण वेळ आणि शेवटचा वेग. टायरचा प्रश्न असेल तेव्हा आधी वरचा आकडा बघायचा, पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा.

समजा, जुन्या टायरवर चिठ्ठी होती: ६० फूट १.८५ सेकंद, एकूण ११.८०, शेवटचा वेग ताशी ११५ मैल. नव्या टायरनंतर तीन तऱ्हा संभवतात.

६० फूट १.९८, एकूण ११.९९, वेग ११५ मैलच. इथे सगळं नुकसान पहिल्या १८ मीटरांत झालं आणि तेच थोडं फुगून शेवटपर्यंत गेलं. वेग तोच आहे, म्हणजे ताकद तेवढीच आहे. हा पकडीचा दोष: रबर, टायरमधली हवा, तापमान, सुरुवातीच्या रेषेजवळची पट्टी, नाहीतर गाडी उभी करण्याची पद्धत. सुरुवातीला गेलेला एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होऊन बसतो, म्हणून हा दोष सगळ्यात महाग पडतो.

६० फूट १.८५, एकूण ११.९८, वेग ११२ मैल. सुरुवात जशीच्या तशी, पण वेग तीन मैलांनी पडला. शेवटचा वेग हा ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढी घट म्हणजे ताकदीत सात-आठ टक्क्यांची तूट. कुठलंही व्हील एवढं खात नाही. बॅटरी थंड होती, चार्ज कमी होता किंवा आधीच्या खेपांनी काहीतरी तापलं होतं. व्हील काढायच्या भानगडीत पडू नका.

६० फूट १.८६, एकूण ११.८७, वेग ११४.५. सगळीकडे थोडं थोडं गेलं. वाढलेलं वजन आणि टायरचा जास्तीचा लोळण-रोध (रोलिंग रेझिस्टन्स) असाच दिसतो.

टायरला दोष देण्याआधी तीन गोष्टी बाजूला काढा

पहिली, चार्ज. चार्ज उतरतो तसा बॅटरीचा व्होल्टेज उतरतो आणि वरच्या वेगात ताकद कमी मिळते. दोन टायरांची तुलना करताना एका खेपेला ९० टक्के आणि दुसऱ्या खेपेला ६५ टक्के चार्ज असेल, तर त्या तुलनेला काही अर्थ नाही. चालकासकट साधारण १,९३० किलोची गाडी ताशी ११५ मैलांवर पोचते तेव्हा तिच्यात सुमारे ०.७ किलोवॉट-तास इतकी ऊर्जा साठलेली असते. रस्त्यातलं नुकसान धरून एका खेपेला साधारण एक किलोवॉट-तास लागतो, म्हणजे बॅटरीच्या सव्वा-दीड टक्का. सहा खेपा आणि मधलं रांगेतलं ताटकळणं धरलं तर १० टक्के सहज जातात. दोन खेपांच्या चार्जमधला फरक पाच टक्क्यांच्या आत असतानाच तुलना करायची. बॅटरी तापवायला नकाशात जवळचा सुपरचार्जर (टेस्लाचं जलद चार्जिंग केंद्र) टाकून ठेवला की गाडी स्वतःच तयारी सुरू करते.

दुसरी, गाडी रेषेवर उभी करण्याची पद्धत. घड्याळ दिवा हिरवा झाल्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. गाडी रेषेवर आल्याचं सांगणारा दुसरा पिवळा दिवा नुकताच लागला तिथे थांबलात, तर घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला सुमारे ३० सेंटिमीटर मोकळी धाव मिळते. तिथून आणखी १५-१८ सेंटिमीटर पुढे सरकून उभे राहिलात तर ती धाव कमी होते आणि छापलेली वेळ जवळजवळ एक दशांशाने वाढते. टायरमधला खरा फरक एका दशांशाहून कमी असतो तेव्हा ही एकच चूक सगळी चाचणी वाया घालवते. दर वेळी दुसरा दिवा लागताक्षणी थांबायचं, एवढा नियम पाळला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

तिसरी, वेळ कशाने मोजली. टायरचा व्यास कमी केला की गाडीचा स्वतःचा वेगमापक जास्त वेग दाखवतो. व्यास चार टक्क्यांनी लहान असेल तर पडद्यावर ताशी १०४ किलोमीटर दिसत असताना गाडी खरी १०० वर असते. पडद्यावरच्या किंवा गाडीच्या संगणकातून घेतलेल्या शून्य ते शंभरच्या वेळेत त्यामुळे सुधारणा दिसते, जी झालेलीच नसते. ड्रॅगीसारखं उपग्रहावर चालणारं यंत्र किंवा पट्टीची चिठ्ठी, या दोनच नोंदी धराव्यात. ड्रॅगीतही एक फुटाच्या मोकळ्या धावेची सोय चालू आहे की बंद, हे दोन्ही खेपांना सारखं हवं.

उंचीवरच्या पट्टीसाठी पेट्रोल गाड्यांना वेळ दुरुस्त करून घेण्याची जी कोष्टकं असतात, ती इलेक्ट्रिक गाडीला लावू नका. मोटरला हवा लागत नाही. विरळ हवेत उलट हवेचा अडथळा थोडा कमी होतो.

व्हीलचं वजन: किती खरं, किती फुगवलेलं

"फिरणारं एक किलो म्हणजे गाडीवरचे पाच किलो" असं सर्रास सांगितलं जातं. हे गणितात बसत नाही. फिरणाऱ्या वस्तूचं सगळं वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवर असलं, तरी त्याचा परिणाम गाडीवरच्या वजनाच्या दुप्पट होतो, त्याहून जास्त कधीच नाही. रिम टायरच्या आत असते, म्हणून तिचा गुणक साधारण दीडच्या आसपास येतो. टायर स्वतः बाहेर असतो, त्याचा पावणेदोन-दोनच्या जवळ.

समजा, नवं व्हील जुन्यापेक्षा ४ किलोंनी जड आहे. चारांचे १६ किलो, गुणक धरून सुमारे २३ किलो. १,९३० किलोंच्या गाडीत हे १.२ टक्के. एकूण वेळ वजनाच्या घनमुळाने बदलते, म्हणजे वेळेत ०.४ टक्के: ११.८० वर पाच शतांश. टायरही प्रत्येकी २ किलोंनी जड असेल तर आणखी तीन शतांश. लोळण-रोधाचा गुणांक ०.००८ वरून ०.०१२ झाला तर आणखी तीन-चार शतांश. सगळं मिळून सव्वा दशांशाच्या आत. म्हणजे वजनाचा परिणाम आहे, पण नुसत्या वजनाने दोन दशांश गेले असं कोणी म्हणत असेल तर उरलेलं नुकसान दुसरीकडे शोधावं.

यावरून एक निर्णयही निघतो. हलक्या फोर्ज्ड व्हीलवर लाखभर घालण्याआधी तोच पैसा चांगल्या रबरावर घातला तर वेळ जास्त कमी होते, अर्थात गाडी पकडीअभावी अडत असेल तरच. फोर्ज्ड व्हील घ्यायचीच असतील तर १८ इंची घ्या. व्हील लहान झालं की रिमचं वजन मध्याजवळ येतं, आणि टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) उंच होते. ड्रॅगमध्ये खरा फायदा दुसऱ्या गोष्टीचा आहे.

हवेच्या अडथळ्याची काळजी मात्र इथे करू नका. १८ इंची व्हीलवरची प्लास्टिकची झाकणं रेंजसाठी उपयोगी आहेत. पाव मैलाच्या शेवटी या गाडीला हवा कापायला ४० किलोवॉटच्या आसपास लागतात. झाकणांनी त्यातले पाच टक्के वाचवले तरी ते दोनच किलोवॉट. झाकणं काढायची असतील तर ती सुटून उडू नयेत म्हणून काढा, वेळेसाठी नाही.

व्यास: एकाच गिअरची गाडी

बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर असतो, म्हणून टायरचा व्यास बदलणं म्हणजे गिअर बदलण्यासारखंच आहे. कंपनीचे आकार मात्र मुद्दाम सारखे ठेवलेले असतात. २३५/३५ आर२० (२३५ मिमी रुंदी, तिच्या ३५ टक्के साइडवॉल, २० इंची रिम) चा व्यास ६७२ मिमी, २३५/४० आर१९ चा ६७१ आणि २३५/४५ आर१८ चा ६६९. या तिघांत ओढीचा फरक जवळजवळ शून्य. "१८ इंची व्हील लावली, म्हणजे गिअर छोटा झाला" हा समज म्हणूनच चुकीचा आहे. व्हील लहान झालं तेवढीच साइडवॉल वाढली.

२६५/३५ आर१८ लावला तर व्यास ६४३ मिमी होतो, साडेचार टक्क्यांनी कमी. सुरुवातीची ओढ तेवढ्याच टक्क्यांनी वाढते. पण वाढलेली ओढ पेलायला पकड हवी. पकड आधीच संपलेली असेल तर संगणक तेवढाच टॉर्क जास्त कापतो आणि हाती काही लागत नाही. वरच्या वेगात तर मोटर जास्त फेऱ्यांवर जाते, जिथे ताकद उतरायला लागलेली असते, म्हणून शेवटचा वेग किंचित पडतो. लहान व्यास लावून ६० फूट सुधारला नाही आणि वेग एखाद्या मैलाने पडला, तर हेच कारण.

चारही चाकांचा व्यास सारखा ठेवा. पुढच्या आणि मागच्या मोटरमध्ये दांडा नाही, त्यामुळे काही तुटणार नाही. पण पकडीचं नियंत्रण चाकांच्या वेगांची तुलना करून चालतं आणि व्यास वेगळे असले की त्याला कायम घसरण भासते. फक्त मागचे टायर नवे टाकले तरी हे थोड्या प्रमाणात होतं. टायरच्या खोबणीत १.५ मिमीपेक्षा जास्त फरक पडला की टायर अदलाबदल करा, असं टेस्लाच्या पुस्तिकेतच सांगितलं आहे.

रबर आणि हवा: खरा खेळ इथे आहे

४८० किलोंचा भार पेलणाऱ्या एका टायरमध्ये ४२ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने १६० चौरस सेंटिमीटर येतो: २३ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सात सेंटिमीटर लांब, म्हणजे उघडलेल्या हाताच्या पंजाएवढा. हवा ३४ पीएसआयवर आणली की हाच भाग २०० चौरस सेंटिमीटरच्या जवळ जातो. टायर रुंद केल्याने मात्र हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, फक्त आकार बदलतो. क्षेत्रफळ हवा ठरवते. रुंद टायर लावून ४२ पीएसआयच ठेवली तर वजन वाढलं, पकड होती तिथेच राहिली. "रुंद टायर लावले आणि वेळ वाढली" या तक्रारीचं सगळ्यात सामान्य कारण हेच आहे.

रस्त्यावरच्या उन्हाळी टायरसाठी क्रम असा ठेवा. ४२ पासून सुरुवात करा, मग ३८, मग ३६, मग ३४. प्रत्येक पायरीला निदान दोन खेपा. ६० फूट सुधारणं थांबलं की तिथेच थांबायचं. ३५ साइडवॉलच्या २० इंची टायरची भिंत फक्त ८२ मिमी उंच आणि कडक असते, त्यामुळे हवा कमी करण्याचा फायदा लवकर संपतो. ४५ च्या १८ इंची टायरला १०६ मिमी मिळतात, तो जास्त साथ देतो. रस्त्याच्या टायरमध्ये ३२ च्या खाली जाऊ नये. तिथे टायरचा मधला भाग वर उचलल्यासारखा होतो, भार दोन्ही कडांवर जातो आणि वरच्या वेगात गाडी मागून डुलायला लागते.

गेज चांगलं डिजिटल हवं आणि प्रत्येक वेळी तेच हवं. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआयने वाढते. रांगेत उभं असताना गाडीची एक बाजू उन्हात तापत असेल तर त्या बाजूचे दोन्ही टायर सावलीतल्या टायरपेक्षा दोन पीएसआय वर गेलेले सापडतात, आणि गाडी सुटताना एका बाजूला ओढते. हवा म्हणूनच रेषेवर जाण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी तपासायची, घरून निघताना नाही.

टायरच्या जातीचा फरक त्याच्या बाजूवर लिहिलेल्या ट्रेडवेअर आकड्यावरून ढोबळपणे कळतो. या मॉडेल ३ च्या १८ इंची व्हीलवर आलेल्या मिशेलिन प्रायमसी एमएक्सएम४ चा आकडा ५००, सुरुवातीच्या परफॉर्मन्सवर आलेल्या पायलट स्पोर्ट ४एस चा ३००, आणि निट्टो एनटी५५५आर किंवा मिकी थॉम्पसन ईटी स्ट्रीटसारख्या ड्रॅग रेडियलचा १०० किंवा त्याहून कमी. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत, पण ५०० आणि १०० यांतला फरक पहिल्या १८ मीटरांत लपत नाही. फक्त दिसण्यासाठी २० ऐवजी १८ इंची व्हील घेतली आणि त्यावर बारमाही टायर तसेच ठेवले, तर वजनाने मिळवलेले पाच शतांश रबराने दुपटीने परत घेतले असं समजा.

रबराचं वयही बघा. बाजूवरच्या खुणेतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २२२३ म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. बरेचदा तापून थंड झालेला टायर नखाला काचेसारखा लागतो. खोबण भरपूर असली तरी तो ड्रॅगच्या कामाचा राहत नाही. याउलट अगदी कोरा टायरही चांगला नाही. साच्यातून निघताना लागलेला बुळबुळीतपणा जायला तीनेकशे किलोमीटर सौम्य चालवावं लागतं, आणि पूर्ण उंचीचे ठोकळे जोराने वळवळतात. उन्हाळी टायर निम्मा झिजला की ड्रॅगमध्ये सहसा जास्त चांगला चालतो. हवेचं तापमान सात अंशांखाली गेलं की मात्र उन्हाळी रबर कडक होतं. थंडीतल्या रात्री वेळ बिघडली तर त्यात टायरचा दोष नाही.

ड्रॅग रेडियल टाकणार असाल तर या वजनाच्या गाडीत २६ पीएसआयपासून सुरुवात करा आणि २० च्या खाली उतरू नका. चारही एकाच जातीचे टाका. जोराने सुटताना गाडीचा भार मागे सरकतो: मॉडेल ३ चं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,८७५ मिमी आहे, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर धरला तर एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढ्या) त्वरणाला एकूण वजनाचे सुमारे १७ टक्के मागे जातात. पुढच्या चाकांवर जेमतेम एक तृतीयांश भार उरतो आणि घसरण तिथूनच सुरू होते. फक्त मागे चिकट टायर लावणाऱ्यांना म्हणूनच अपेक्षेइतका फरक दिसत नाही, आणि फक्त मागची हवा काढणाऱ्यांनाही नाही. टॉर्कच्या नोंदीत पुढच्या मोटरची रेघ करवतीसारखी आणि मागची सपाट दिसली, तर पुढची हवा आणखी दोन पीएसआय कमी करून बघा.

रेषेआधी टायर भिजवायला ठेवलेल्या पाण्याच्या खड्ड्याबद्दल: खोबणीचे टायर असतील तर त्यातून जाऊच नका, बाजूने वळसा घ्या. खोबणीत पाणी भरतं आणि नेमकं रेषेवर पोचल्यावर टायरखाली ठिबकतं. तुमचा ६० फूट बिघडतोच, मागून येणाऱ्याची रेषाही ओली होते.

बीई ६ आणि सील: आधी पकडीचा प्रश्न आहे का ते बघा

महिंद्रा बीई ६ ची ७९ किलोवॉट-तासांची गाडी मागच्या चाकांवर चालते; मोटर २१० किलोवॉटची, टॉर्क ३८० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ६.७ सेकंद हा कंपनीचा दावा. म्हणजे सरासरी त्वरण ०.४२ जी. भार मागे सरकल्यावर मागच्या दोन चाकांवर ६० टक्क्यांच्या जवळ वजन येतं, आणि कोरड्या स्वच्छ डांबरावर साधा चांगला टायरही अर्ध्या जीपर्यंत ओढ पेलतो. इथे पकड अडचण नाही, ताकद आहे. चिकट टायर लावून फार तर काही शतांश मिळतील. २४५/५५ आर१९ ऐवजी २४५/५० आर२० घेतला तर व्यास ७५२ ऐवजी ७५३ मिमी, म्हणजे गिअर तोच. बदललं ते वजन, आणि खड्ड्यात रिम वाकण्याची भीती. ड्रॅगसाठी १९ इंचीच ठेवावी. पण धावपट्टीवर धूळ असेल तर गणित फिरतं. बारीक मातीवर पकड एकदम खाली येते आणि हीच गाडी मागची चाकं घसरवते. तेव्हा टायरवर खर्च करण्याआधी रेषेपुढची वीस मीटर पट्टी नीट झाडून घेणं जास्त उपयोगाचं, आणि ते फुकट आहे.

सीलची चारही चाकांवर चालणारी आवृत्ती ३९० किलोवॉट आणि ६७० न्यूटन-मीटरची, दावा ३.८ सेकंदांचा. तिच्या २३५/४५ आर१९ व्हीलवर रेंजसाठी निवडलेलं कडक रबर असेल तर पहिल्या १८ मीटरांत तेच गाडीला अडवतं. इथे त्याच आकाराचे चांगले उन्हाळी टायर टाकणं हा सगळ्यात सरळ उपाय आहे, रेंज थोडी कमी होईल हे धरून.

बसवताना होणाऱ्या चुका

मॉडेल ३ च्या व्हीलचं मधलं भोक ६४.१ मिमी, पाच बोल्टांचं वर्तुळ ११४.३ मिमी. बाजारातल्या व्हीलचं भोक मोठं असेल तर मधे बरोबर मापाची रिंग हवीच, नाहीतर व्हील बोल्टांवर लटकतं आणि ताशी १३० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ही थरथर बॅलन्सिंगने जात नाही. पंक्चरवाल्याकडे तीनदा शिसं बदलून झाल्यावर रिंग नव्हती असं लक्षात येतं. परफॉर्मन्सच्या ब्रेक डिस्कच्या मध्यावर एक जादा कंगोराही आहे. साध्या मॉडेल ३ ची १८ इंची व्हील म्हणूनच तिच्यावर सपाट बसत नाहीत. जबरदस्तीने नट आवळू नका; या कंगोऱ्यासाठी आतून खाच असलेलीच व्हील घ्या. नट १७५ न्यूटन-मीटरला आवळायचे, टॉर्क रेंचने, आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

टायरची भारक्षमता पाहिल्याशिवाय घेऊ नका. २३५/३५ आर२० च्या ९२ आकड्याचा अर्थ ६३० किलो, २३५/४५ आर१८ च्या ९८ चा अर्थ ७५० किलो. इलेक्ट्रिक गाडी जड असते, आणि बरेच ड्रॅग टायर जास्तीच्या भारासाठी बनवलेले नसतात.

एक दोष बाहेरून दिसत नाही: टायर रिमवर सरकणं. टायर चढवताना लावलेला साबण वाळायच्या आत गाडी जोराने सोडली, किंवा हवा फारच कमी ठेवली, तर व्हील फिरतं आणि टायर मागे राहतो. बसवल्यावर एक दिवस थांबा. वॉल्व्हच्या समोर टायरवर आणि रिमवर मिळून एकच खडूची रेघ ओढा. खेपेनंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर पुढच्या खेपेआधी हवा तीन-चार पीएसआयने वाढवा आणि घरी गेल्यावर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या.

व्हीलचा आकार बदलल्यावर गाडीच्या सर्व्हिस मेनूत व्हीलची निवडही बदला. हवेचे सेन्सर जुन्या मॉडेल ३ मध्ये ४३३ मेगाहर्ट्झचे आणि नंतरच्या गाड्यांत ब्लूटूथवर चालणारे आहेत. एकाचे दुसऱ्यात चालत नाहीत, आणि टायर चढवून झाल्यावर हे कळलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

चाचणीचा क्रम

एका दिवसात एकच गोष्ट बदला. पहिल्या दोन खेपा जुन्या मांडणीवर, मग बदल, मग तीन खेपा, आणि शेवटची खेप पुन्हा जुन्या मांडणीवर. शेवटची खेप पहिल्या दोघींशी जुळली नाही, तर पट्टी किंवा बॅटरी बदलली आहे आणि त्या दिवसाची तुलना सोडून द्यावी. लेन तीच ठेवा. शेजारच्या लेनची पकड वेगळी असू शकते. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे चार्ज, चारही टायरची हवा, हवेचं तापमान आणि वाऱ्याची दिशा पेनाने लिहा. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांनी चालणाऱ्या पट्टीवर १३.९९ किंवा त्याहून कमी वेळेसाठी हेल्मेट लागतं. ते नसलं तर पहिल्याच खेपेनंतर घरी पाठवतात.

परत निघण्याआधी गाडी थोडी थंड होऊ द्या आणि छोट्या कंप्रेसरने चारही टायर पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणा. टायर गरम असताना ४२ भरली तर सकाळी थंड झाल्यावर ती ३८-३९ दिसेल, म्हणून दुसऱ्या दिवशी थंड टायरवर एकदा नीट मोजा. ३४ वर महामार्गाने घरी जाणाऱ्यांचे टायर कडांनी झिजतात, आणि एखादा खड्डा लागला की रिमची आतली कड वाकते. ती बाहेरून दिसत नाही. व्हील उतरवून आतून हात फिरवला तरच कळते.